त्या अर्ध्या स्पंजबद्दल

काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता. दोनदा झालं तसं. मला जे म्हणायचंय ते राहूनच जातं. म्हणून आज लिहूनच टाकते.

माणिकची, माझ्या फायटर माशाची, शेपटी आली, काका. पूर्ण नाही आली अजून, पण आली.

तुम्ही त्याला प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. गडद लाल रंग, आणि शेपटी उघडली की बरोब्बर अर्धा चंद्र. ज्या दिवशी मी तुम्हाला पहिला फोन केला त्या दिवशी त्या चंद्राचा पाव भागही उरला नव्हता. कडा काळी पडलेली, जुन्या कापडाचे धागे सुटावेत तशी उसवलेली, आणि मधला पडदा झडून गेल्यामुळे फाटक्या छत्रीच्या काड्यांसारखे नुसते काटे उभे. तळाच्या खड्यांवर आडवा पडून राहायचा आणि हवा घ्यायला वर यायचं तर दोनदा प्रयत्न करायचा. आठ महिन्यांत ही चौथी वेळ होती. चौथी! प्रत्येक वेळी बरा होत आला म्हणेपर्यंत पुन्हा कडा काळी पडायची.

आता त्या जुन्या कडेच्या पुढे एक नवी पट्टी आलीय. पारदर्शक, ओल्या काचकागदासारखी, नखाच्या पांढऱ्या भागाएवढी रुंद. दिव्याच्या उजेडातच दिसते. परवापासून आतल्या बाजूने तिच्यात लाल रंग उतरायला लागलाय. मी रोज सकाळी सगळं सोडून आधी ते बघते.

तुमच्याकडे येण्याआधी मी कुठे कुठे गेले होते ते तुम्ही विचारलं नाहीत. आता मीच सांगते, कारण तो राग अजून गेलेला नाही. कुणाचं नाव घेणार नाही. जिथून माणिकला आणलं, त्यांनी तो इवल्याशा गोल भांड्यात दिला आणि सांगितलं, "फायटर आहे, याला काही लागत नाही, डबक्यात राहणारा मासा." पहिल्यांदा शेपटी सडली तेव्हा त्यांनीच निळं औषध दिलं. दुसऱ्यांदा पिवळं. तिसऱ्यांदा कुठलीशी पावडर. पाण्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही, टाकी केवढी आहे हेही नाही. चौथ्यांदा गेले तर म्हणाले, "किती दिवस करणार? सोडून द्या, दुसरा घेऊन जा, याच रंगाचा देतो." प्राण्यांच्या एका डॉक्टरांनी "आम्ही मासे बघत नाही" एवढंच सांगून फोन ठेवला. नसतील बघत, ते मी समजू शकते. पण कोण बघतं हे सांगायला किती वेळ लागला असता? ओळखीतल्या एकांनी तर समोरच हसून म्हटलं, "माशासाठी रडतेस?" हो, रडत होते. जो जीव मी खोलीत आले की काचेपाशी धावत येतो, तो दिवसेंदिवस झडताना बघून रडू येणार नाही तर काय येणार?

मग एका मैत्रिणीने तुमचा नंबर दिला. मी फोनवर माहिती ओतत सुटले होते आणि तुम्ही मध्ये एकदाही तोडलं नाहीत. सगळं ऐकून घेऊन म्हणालात, "माशाला आणू नका, त्याला त्रास होईल. पाणी आणा. बाटलीभर. आणि काही लिहून ठेवलं असेल तर तेही."

लिहून ठेवलं होतंच. माझी सवयच ती. वही उघडून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि बोट तारखांवरून फिरवत राहिलात. मग विचारलंत, "टाकी पूर्ण धुतली त्या तारखा सांगता?" मी एकेक सांगत गेले, तुम्ही शेजारी पेन्सिलीने लिहीत गेलात. मग वही माझ्याकडे फिरवलीत. काही बोलला नाहीत. मीच वाचलं. प्रत्येक वेळी टाकी धुतल्यावर दहा ते चौदा दिवसांनी कडा काळी पडली होती.

माझे हात गार पडले, काका. मी किती मन लावून धुवायचे ती टाकी! माणिक आजारी पडला की पहिलं काम तेच. सगळं पाणी ओतून द्यायचं, खडे गरम पाण्याने धुवायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा. मला वाटायचं मी रोग धुऊन काढतेय.

तुम्ही तेव्हा जे समजावलंत ते तोपर्यंत मला कुणीही सांगितलं नव्हतं. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत पाण्यात येत असतो. स्पंजवर, खड्यांवर जिवाणूंचा थर बसलेला असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट त्यामानाने पुष्कळ सौम्य. हा थर नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तो मारू शकतं. धुतल्यावर आठवडाभर माणिकला बरं वाटायचं, कारण पाणी ताजं असायचं. मग अमोनिया साठायला लागायचा, त्याने अंगावरचा चिकट संरक्षक थर आणि परांच्या कडा भाजून निघायच्या, आणि एरोमोनास, स्युडोमोनास असले जंतू, जे कुठल्याही टाकीत असतातच, तिथून आत शिरायचे. त्यावर मी औषध टाकायचे. पूर्वी दिलेल्या त्या निळ्या औषधाने उरलेसुरले चांगले जिवाणूही जायचे. मग टाकी पुन्हा धुणं आलंच. आठ महिने मी हे चक्र माझ्याच हाताने फिरवत होते.

हे सगळं सांगताना तुमच्या आवाजात कुठेही "तुम्ही केलंत" असं आलं नाही. "असं होतं" म्हणत राहिलात. मी ते ऐकलं, आणि ते मी विसरणार नाही.

मग त्या दोन काचेच्या नळ्या. एकीत माझ्या टाकीचं पाणी, दुसरीत तुमच्या. दोन्हींत अमोनिया तपासायचे थेंब टाकलेत, हलवलंत, पाच मिनिटं थांबायला सांगितलंत. तुमची पिवळी राहिली. माझी हिरवी होत गेली, आधी पोपटी, मग चांगली गडद. एवढ्या औषधांच्या बाटल्या आणल्या मी, पण ही दोन नळ्यांची तपासणी करायला मला एकानेही सांगितलं नव्हतं.

डबक्यातला मासा म्हणतात त्याबद्दलही तुम्ही बोललात, आणि त्या एका वेळी मात्र तुमचा आवाज चढला. थायलंडच्या भातखाचरांत आणि दलदलीत पाणी उथळ असतं हे खरं, पण ते लांबवर पसरलेलं असतं, वनस्पतींनी भरलेलं आणि उबदार असतं. तो लॅबिरिंथ नावाच्या अवयवाने वरची हवा घेऊ शकतो म्हणून वाईट पाण्यात तगून राहतो. तगतो म्हणजे त्याला चालतं असं नाही. "त्याच्या चिवटपणाचा लोक गैरफायदा घेतात," तुम्ही म्हणालात. ज्या माशाला थायलंडने २०१९ मध्ये आपला राष्ट्रीय जलचर प्राणी म्हणून मान दिला, त्याला आपण पेल्याएवढ्या भांड्यात विकतो, हे तुमच्या तोंडून ऐकताना मला त्या गोल भांड्याची लाज वाटली.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

मी विचारलं की आता चार-सहा आठवडे तो थर बसेपर्यंत माणिक टिकेल का. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. उठलात, साबण न लावता कोपरापर्यंत हात धुतलेत, पुसून कोरडे केलेत आणि तुमच्या मोठ्या टाकीतला चालू फिल्टर बाहेर काढलात. आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत, बघूनच कुणी फेकून देईल असा. तुम्ही तो पिळला नाहीत. टाकीच्याच पाण्यात हलकेच बुचकळलात, कात्री घेतलीत आणि मधोमध कापलात. माझ्यासमोर, सरळ अर्धा. कापताना टाकीतल्या माशांकडे बघून हळूच म्हणालात, "थोडं सांभाळून घ्या रे."

ते मला ऐकू गेलं होतं. अर्थ तेव्हा कळला नव्हता.

अर्धा तुकडा टाकीच्याच पाण्यात डब्यात घालून दिलात. "झाकण घट्ट लावू नका, त्यावरच्या जिवाणूंना हवा लागते. वाटेत कुठे थांबू नका. वर्षभरात या टाकीत नवा मासा आलेला नाही, त्यामुळे रोगाची भीती कमी. हा तुमच्या फिल्टरशेजारी ठेवा, नळाखाली चुकूनही नेऊ नका." बाकी पाणी किती बदलायचं, किती उबदार ठेवायचं, हे सगळं एका कागदावर लिहून दिलंत. तो कागद टाकीच्या वर चिकटवलाय, इथे तपशिलात जात नाही. एक मात्र लिहिते, कारण ते तुम्ही दोनदा बजावलंत: सडण्याची लाली शेपटीतून अंगाकडे सरकली तर वाट बघायची नाही, तेव्हा औषध लागतंच. नशिबाने ती वेळ आली नाही.

पंधरा दिवसांनी मी फोन केला तेव्हा तुम्ही घरी नव्हता, काकूंनी उचलला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "अगं, त्या आठवड्यात आमच्या माशांना निम्मंच खाणं होतं. अर्धा फिल्टर तुला दिला ना, मग पाणी बिघडू नये म्हणून. आणि हे रोज रात्री उठून पाणी तपासायचे."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. तुम्ही मला उरलेलं काही दिलं नव्हतं. तुमच्या स्वतःच्या, इतक्या वर्षांच्या जपलेल्या माशांवर थोडी जोखीम ओढवून घेऊन, एका अनोळखी बाईच्या, कधी न पाहिलेल्या माशासाठी ते कापून दिलं होतं. आणि मला सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर मी तो तुकडा घेतला नसता, हे तुम्हाला माहीत असणार.

मी अलीकडे याचाच विचार करत असते. हुशार माणसं मला आधीही भेटली होती. माशांबद्दल चार गोष्टी जास्त माहीत असलेली माणसंही भेटली. पण समोरच्याची अडचण ऐकून आपल्याकडचं चालू असलेलं काहीतरी थांबवायचं, आपली गैरसोय आपल्यापाशीच ठेवायची, आणि मदत घेणाऱ्याला लहान वाटू द्यायचं नाही, हे किती थोड्या लोकांना जमतं. माझी आजी अशी होती. मोठ्या आजारपणात, मोठ्या संकटात माणसं धावून येतात, तेही मी पाहिलंय. एका बोटाएवढ्या माशासाठी रात्री उठणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. ज्यांनी मला "दुसरा घेऊन जा" म्हटलं त्यांना या जिवाची किंमत ठाऊक होती, आकड्यात. तुम्ही त्याचं नाव विचारलंत, आणि त्यानंतर एकदाही "तुमचा मासा" म्हणाला नाहीत. "माणिक जेवला का?" असंच विचारलंत प्रत्येक वेळी.

आता त्याची बातमी. पाणी रोज तपासते. एकोणिसाव्या दिवशी नळी पहिल्यांदा पिवळी राहिली आणि तेव्हापासून पिवळीच आहे. हिटर २६ अंशांवर असतो. टोकदार प्लास्टिकची झाडं काढून खरी लावली, तुम्ही सांगितलंत तशी रुंद पानांची. माणिक सरळ पोहतो. गेल्या गुरुवारी एका पानाखाली पाण्यावर बारीक फेस दिसला. मी घाबरले, मग कळलं की तो घरटं बांधतोय, बुडबुड्यांचं. नर निरोगी असला की बांधतो म्हणे. तळहाताच्या निम्म्याएवढं झालंय आणि कुणीही जवळ गेलं की त्याची राखण करतो, ती अपुरी शेपटी पूर्ण उघडून.

तुम्ही म्हणाला होता की सहा आठवडे झाले की माझा स्पंज तयार होईल, मग तुमचा तुकडा काढून टाकला तरी चालेल. सहा आठवडे होऊन गेले. माझा स्पंज आता तुमच्या स्पंजसारखाच तपकिरी झालाय आणि मी त्याला हात लावत नाही. तुमचाही तुकडा काढलेला नाही. कात्रीची ती थोडी तिरकी बाजू वर येईल असा तो कोपऱ्यात ठेवलाय, आणि रात्री दिवा बंद केला की माणिक त्याच्यावर टेकून झोपतो.

काकूंना नमस्कार सांगा. तुमच्या माशांनाही.

तुमची,
माणिकची आई