लोणच्याच्या काकडीची तोडणी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या बागेविषयी वृत्तपत्रांतून येणारा मजकूर मी आवर्जून वाचते. बियाणे, माती आणि खत यांची माहिती त्यात सविस्तर असते, परंतु पीक नेमके केव्हा तोडावे हे बहुधा एका ओळीत उरकले जाते. खारवून लोणचे घालण्यासाठी लावलेल्या आखूड, खरबरीत सालीच्या काकडीला ही उणीव फार बाधते, म्हणून हे पत्र.

ही काकडी पेरणीनंतर साधारण ५० ते ६० दिवसांत तोडणीला येते आणि ५ ते १० सेंटिमीटर लांबीची, बी अजून कोवळे असतानाच ती काढावी लागते. उबदार हवेत फळ इतके झपाट्याने वाढते की एक दिवसाआड वेलाखाली हात घालून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. पहिल्या वर्षी मी चार दिवस बागेकडे फिरकले नाही. नंतर एक रुंद पान उचलले, तर त्याखाली मनगटाएवढी जाड, पिवळी पडलेली काकडी मातीला टेकली होती आणि तिच्या पुढची बोटभर फळे सुकून गळत होती. मला वाटले, खत कमी पडले. मी नत्र वाढवले. पाने हिरवीगार झाली, फळे मात्र आली नाहीत. एखादे फळ पिकू दिले की वेल आपली शक्ती त्यातल्या बियांकडे वळवतो आणि नवे फळ धरणे मंदावते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर तो हंगाम वाया गेला नसता.

फुलांबद्दलही असाच गैरसमज होतो. सुरुवातीची फुले बहुतेक नर असतात आणि ती गळतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मादी फुलाच्या मागे इवलीशी काकडी असते, ती दिसू लागली की मधमाश्यांना बागेत निर्धास्त येऊ द्यावे. निदान सकाळी, फुले उमललेली असताना, कीटकनाशक मुळीच फवारू नये. परागीभवन अपुरे झाले की फळे एका बाजूला बारीक, वाकडी निघतात.

पाण्याची हेळसांड झाली, विशेषतः कडक उन्हात, तर फळ कडवट होते. मुळे फार खोल जात नसल्याने बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे फार उपयोगी पडते.

तोडलेली काकडी शक्यतो त्याच दिवशी खारवावी. देठाच्या विरुद्ध टोकाला, जिथे सुकलेले फूल चिकटलेले असते, तेथून दोन-तीन मिलिमीटरची चकती कापून टाकणे मी कधीही चुकवत नाही, कारण त्या भागातील विकरांमुळे बरणीतली काकडी मऊ पडते. लोणचे लिबलिबीत झाले की बहुतेक जण मिठाला दोष देतात.

पेरणीच्या मोसमात आपण जसा मजकूर छापता, तसाच त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी तोडणीविषयीही सविस्तर छापावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. त्या वेळी वाचकांचे वेल फुलांवर आलेले असतात.

आपली,
एक वाचक