ताई, त्या एका प्रश्नासाठी थँक्यू

ताई,

फोनवर बोलायला गेले की घसा दाटतो, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय.

तुला आठवत असेल, सिरियम ऑक्साइडचे नॅनो कण टाकलेलं माझं बायोडिझेल साध्या बायोडिझेलपेक्षाही लवकर खराब होत होतं. रॅन्सिमॅटमध्ये, म्हणजे इंधन किती तास टिकतं ते मोजायच्या मशीनमध्ये, 110 डिग्रीला सॅम्पलमधून हवा सोडतात, त्यातून निघणारी आम्लं पुढच्या पाण्यात उतरतात आणि पाण्याची कंडक्टिव्हिटी एकदम चढते, तो ग्राफ माझा दरवेळी आधीच वर वळायचा. युरोपियन स्टँडर्डला ते वळण यायला किमान 8 तास लागतात, मी त्याच्या जवळपासही नव्हते, आणि किती दिवस मी कणांनाच दोष देत बसले, डोस कमी करून बघितला, कण पसरलेले ठेवणारा सरफॅक्टंट बदलून बघितला, काही फरक नाही.

तू आलीस, कण मिसळायचा सोनिकेटर (ध्वनिलहरींनी ढवळणारं यंत्र) बंद झाल्या झाल्या बीकरला बोट लावलंस आणि झटकन मागे घेतलंस. मग एवढंच विचारलंस, "कण न टाकता नुसतं बायोडिझेल एवढाच वेळ सोनिकेट करून बघितलंयस का?"

नव्हतं बघितलं. दुसऱ्या दिवशी केलं तर तेही तसंच लवकर गेलं! सोनिकेटरच्या प्रोबने सॅम्पल तापत होतं, वरून हवा मिसळत होती, लिनोलिक आणि लिनोलेनिकसारख्या डबल बाँडवाल्या भागाला ऑक्सिडाइज व्हायला अजून काय हवं. मग तू म्हणालीस तसं बीकर बर्फात ठेवला, सोनिकेटर थांबून थांबून चालवला, टीबीएचक्यू हे अँटिऑक्सिडंट आधीच विरघळवून घेतलं, आणि ग्राफ पहिल्यांदा सरळ लांबपर्यंत गेला तेव्हा मी मशीनसमोरून उठलेच नाही.

अजून एक, तू मला स्टेबल या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करून दिलेस. कण तळाला न बसणं वेगळं आणि इंधन न बिघडणं वेगळं, मी दोन्ही एकाच वाक्यात कोंबत होते. बाटलीत इंधन टिकवायचं काम अँटिऑक्सिडंटचं, सिरियम ऑक्साइडची खरी गंमत इंजिनात, तिथे ते ऑक्सिजन देतं-घेतं आणि काजळी जाळायला मदत करतं. हे कळल्यावर माझा अख्खा चॅप्टर मी नव्याने लिहिला, आणि आता तो मला मनापासून पटतो.

तुझं स्वतःचं काम तेव्हा किती अडलेलं होतं ते मला नंतर कळलं गं, तरी तू रोज संध्याकाळी येऊन माझे ग्राफ बघायचीस.

आता माझ्या प्रत्येक बॅचला पहिली बाटली कण नसलेली, पण सोनिकेट केलेली असते. काल लॅबमध्ये नवीन मुलगी आली, तिला आधी तीच दाखवली आणि तुझं नाव सांगितलं.