मॅनिफोल्ड मागवण्याआधी

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. १९७६ची सव्वीस फुटी जीएमसी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलीस, छान केलंस. पण गाडी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, थरथरते, गॅरेजवाल्याने ‘इन्टेक मॅनिफोल्ड गेला’ असं सांगून टाकलंय आणि तू ॲल्युमिनियमचा नवा मागवायला निघाला आहेस, म्हणून घाईने लिहितो आहे. जरा थांब. हा मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारा बिडाचा ठोकळा, त्यात हलणारं काहीच नाही. तो जातो तो बहुधा उष्णतेने, आणि ती उष्णता कुठून आली हे पाहिलं नाहीस तर नवाही त्याच वाटेने जाईल.

तुझ्या गाडीत ओल्ड्समोबिलचं ४५५ घनइंचाचं व्ही-८ इंजिन आहे. त्याच्या दोन्ही हेडांमधल्या (सिलिंडरांवरच्या झाकणांमधल्या) मधल्या एक्झॉस्ट पोर्टांना, म्हणजे धूर बाहेर पडायच्या तोंडांना, जोडणारा एक बोगदा मॅनिफोल्डच्या पोटातून, थेट कार्बोरेटरखालून जातो. थंडीत पेट्रोलची वाफ नीट व्हावी म्हणून केलेली ही सोय. पण बोगद्यात काजळी साचते, बीड तापून-निवून थकतं आणि बोगदा व कार्बोरेटरखालची मिश्रणाची पोकळी यांच्यामधल्या पातळ भिंतीला तडा जातो. मग जळका वायू ताज्या मिश्रणात ओढला जातो. कार्बोरेटर कितीही जुळव, आयडल सुधारत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या तोंडाशी उष्णतेची झडप असेल तर ती आधी हाताने हलवून बघ. ती बंद अवस्थेत अडकली की त्या बाजूचा सगळा धूर या बोगद्यातूनच वाट काढतो. तडा जायचं मूळ कारण पुष्कळदा हेच असतं, आणि मॅनिफोल्ड बदलणारे नेमकं हेच बघायचं विसरतात.

आता तपासणी. कशालाही हात लावण्याआधी गाडीतली गॅसची मुख्य तोटी बंद कर आणि फ्रीज, गीझर, शेगडी यांच्या पायलट ज्योती विझल्याची खात्री कर. या गाडीचं इंजिन घरातल्या झाकणातून उघडतं. पेट्रोलच्या वाफा आणि ज्योत एकाच खोलीत नकोत.

इंजिन गरम झाल्यावर व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा काटा) लाव. समुद्रसपाटीला १७ ते २१ इंचांवर (पाऱ्याच्या) काटा स्थिर हवा. दर हजार फूट उंचीमागे साधारण एक इंच कमी धर, म्हणजे डोंगरातल्या लेक टाहोला गेलास तर सहाएक इंच कमी दिसणारच, घाबरू नकोस. काटा स्थिर पण खाली असेल तर गळतीचा किंवा मागे पडलेल्या टायमिंगचा (ठिणगीच्या वेळेचा) संशय घे. न पेटवलेल्या प्रोपेन टॉर्चला रबरी नळी लाव आणि झाकण-खिडक्या उघड्या ठेवून हेड व मॅनिफोल्डच्या सांध्यावरून सावकाश फिरव. इंजिनाचा वेग चढला की गळती तिथेच. कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा फवारा) मारू नकोस. तापलेल्या एक्झॉस्टवर तो भडकतो.

वरून काहीच सापडलं नाही तरी खालून गळती असू शकते, आणि ती जास्त फसवी. पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातल्या वाफा मॅनिफोल्डमध्ये नेणारी) नळी काढून मॅनिफोल्डकडचं तोंड बुजव, ब्रीदर (पोटात हवा घेणारं तोंड) बंद कर, डिपस्टिक जागेवर ठेव. तेल भरायच्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धर. ठीक असलेल्या इंजिनात ती हळूहळू फुगते. आत ओढली गेली तर गॅस्केट खालच्या दरीत, म्हणजे सिलिंडरांच्या दोन ओळींमधल्या खोलगट जागेत, गळतंय आणि तेलाची वाफ सिलिंडरमध्ये जातेय. निळा धूर आणि शेजारशेजारचे दोन तेलकट प्लग हीही त्याचीच खूण. असं निघालं तर दोष गॅस्केटचा. मॅनिफोल्डची किंमत वाचली.

ईजीआर झडप (थोडा जळका वायू मुद्दाम परत मिश्रणात सोडणारी) असेल तर तिच्याखाली पातळ पत्रा घालून इंजिन चालवून बघ. आयडल सुधारला तर झडप उघडी अडकली आहे. हे सगळं करूनही थरथर राहिली तर कार्बोरेटर उचल आणि बॅटरीच्या उजेडात पोकळीचा तळ बघ. करपलेलं गॅस्केट, जळून फिकट पडलेला डाग, केसासारखी रेघ दिसली की निदान पक्कं. या गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे की नाही हे आजच बघ. बोगद्याचा सांधा बाहेरच्या बाजूला फुटला तर तो वायू सीटांच्या मधोमध वर येतो आणि त्याला वास नसतो.

तडा निघालाच तर वेल्डिंगच्या नादी लागू नकोस. निकेलच्या रॉडने, आधी तापवून, नीट केलेलं वेल्डिंगही याच जागी पुन्हा उघडतं, कारण दर प्रवासात इथे तापणं-निवणं होतंच. जुना बिडाचा मिळाला तर घेण्याआधी बोगद्याचं एक टोक बुजवून त्यात रॉकेल भर आणि रात्रभर ठेव. पोकळीच्या बाजूला ओल आली तर परत कर. शिवाय एक लक्षात ठेव : १९७७-७८च्या बऱ्याच गाड्यांत ४०३ घनइंचाचं इंजिन आहे. त्याच्या ब्लॉकची उंची ९.३३ इंच, तुझ्या ४५५ची १०.६२५. दोघांचे मॅनिफोल्ड एकमेकांना बसत नाहीत, विकणारा काहीही सांगो.

ॲल्युमिनियमचा घ्यायचा तर तो तुझ्या क्वाड्राजेट कार्बोरेटरच्या असमान भोकांना जुळणारा हवा. आणि तू कॅलिफोर्नियात आहेस. तिथे १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी माफ आहे, पण तुझी १९७६ची आहे, म्हणजे तपासणी लागणार. इंजिनावरच्या लेबलवर ईजीआर लिहिलं असेल तर ती सोय नसलेला मॅनिफोल्ड नजरेच्या तपासणीतच अडकेल. बाहेरच्या कंपनीचा घेशील तर कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मान्यता क्रमांक आधी माग, पैसे नंतर दे.

बोगदा बंदच करावा का? माझं मत, उन्हाळ्यात फिरणाऱ्या गाडीत करावा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये लवकर उकळतं, आणि खालची आग बंद झाली की चढावर गाडी गुदमरणं कमी होतं. गॅस्केटबरोबर स्टेनलेसच्या पातळ चकत्या मिळतात, त्या बोगद्याच्या तोंडावर बसतात. मात्र गरम हवेवरचा चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी कार्बोरेटरवरची झडप) मग उघडायचा नाही, तिथे इलेक्ट्रिक चोक लावावा लागेल. स्मॉगवाल्याला हेही दिसतं, तेव्हा आधी विचार.

काढणं अवघड नाही, कंबरेचं काम आहे. बॅटरीची अर्थ वायर काढ, रेडिएटरमधलं कूलंट मॅनिफोल्डच्या खाली उतरेपर्यंत सोड. प्रत्येक व्हॅक्यूम नळीला चिकटपट्टी लावून नाव लिही आणि फोटो काढ. ब्रेक बूस्टर, हीटर-एसी, क्रूझ सगळ्यांच्या नळ्या इथेच येतात. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोच. डिस्ट्रिब्युटर मॅनिफोल्डमध्ये नसून ब्लॉकमध्ये बसतो. टोपी काढलीस की बहुधा पुरतं. उचलायला दोघं लागतील, कारण बिडाचं वजन गुडघ्यांवर बसून सरळ वर ओढायचं आहे.

खाली पत्र्याची मोठी ताटली दिसेल. गॅस्केट आणि दरीचं झाकण, दोन्ही तीच. ती काढल्यावर दरी चिंध्यांनी भर आणि चिंध्या मोजून घाल. पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने खरवड. ड्रिलवरच्या घासणाऱ्या चकत्या अजिबात वापरू नकोस, त्यांची पूड तेलातून बेअरिंगांपर्यंत पोचते आणि इंजिनच घेऊन जाते. मग सरळ पट्टी लावून मॅनिफोल्डची बाजू बघ, ०.१५ मिलिमीटरहून जास्त जाडीचं फीलर (फट मोजायची पट्टी) आत जात असेल तर मशीन शॉपला नेऊन सपाट करून घे. हेड आधी कधी घासलेली असतील तर पोर्ट आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. गॅस्केट न घालता मॅनिफोल्ड ठेवून हे एकदा पाहून घे.

बसवताना सगळं यश चार कोपऱ्यांवर आहे. पुढचे-मागचे रबरी सील लावताना त्यांची टोकं हेडच्या कडेखाली सरकव, आणि रबर जिथे संपतं त्या चारही कोपऱ्यांत सिलिकॉनचा थेंब दे. ताटलीला पाण्याच्या भोकांभोवती दोन्ही बाजूंनी पातळ लेप पुरे. जास्त लावलास तर तो आत गळून तेलाच्या जाळीत अडकतो. दोन कोपऱ्यांत डोकी कापलेले तीन अष्टमांश इंची, इंचाला सोळा आट्यांचे लांब बोल्ट उभे कर आणि त्यांच्यावरून मॅनिफोल्ड सरळ खाली सोड. टेकल्यावर इकडेतिकडे सरकवलास तर सील निसटलाच समज, पुन्हा उचल.

बोल्ट इंजिन ऑइलमध्ये बुडवून लाव. मधून सुरुवात करून आलटून-पालटून बाहेर जा : टॉर्क पान्यावर (आवळायचा जोर मोजणाऱ्या) पहिल्या फेरीत १५ फूट-पौंड, मग २५, शेवटी ४०. हा आकडा कंपनीच्या बिडाच्या मॅनिफोल्डचा; ॲल्युमिनियमला त्याच्या कागदावरचाच लाव, नाहीतर आटे उपटतील. कार्बोरेटरला १२ फूट-पौंड पुरतात. क्वाड्राजेट जास्त आवळला की वाकतो आणि मग तो स्वतःच गळतो.

काढताना थोडं कूलंट दरीत पडतंच, तेव्हा सुरू करण्याआधी तेल आणि फिल्टर बदल. सुरू झाल्यावर हीटर पूर्ण उघडा ठेवून हवा बाहेर काढ, टायमिंग बघ, गेज पुन्हा लाव आणि पिशवीची चाचणीही पुन्हा कर. दोन-तीनदा पूर्ण तापून निवल्यावर, थंड इंजिनावर, बोल्ट त्याच क्रमाने परत तपास. पहिल्या खेपेला काही बोल्ट थोडे फिरतात, त्यात घाबरण्यासारखं नाही.

पिशवी फुगते की ओढली जाते ते कळव, आणि लेबलचा फोटोही पाठव. त्याआधी काही मागवू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शेखर