ब्राउझर अडकला म्हणून थेट फॉरमॅट कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवतो. विंडोजचे अपडेट झाले आणि दुसऱ्या दिवसापासून ब्राउझर (क्रोमसारखा, संकेतस्थळे उघडण्याचा प्रोग्रॅम) हँग होऊ लागला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांना दुरुस्तीवाल्याने आधीच सांगितलेले असते, 'फॉरमॅट मारावा लागेल', म्हणजे सारे पुसून विंडोज नव्याने टाकावे लागेल. हा उपाय अगदी शेवटचा आहे, पहिला नव्हे, हे स्वानुभवावरून सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना माझ्याच संगणकावर हे घडले. माऊसचा बाण हलत होता, पण क्लिक कुठेच लागत नव्हते. बघता बघता अर्जाचे पान पांढुरके पडले आणि वरच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' असे उमटले. समोर एक आई मुलीचा उत्पन्नाचा दाखला हातात धरून उभी होती. घाबरून मी दुरुस्तीवाल्याचा सल्ला मानला. ब्राउझर चालू झाला खरा, परंतु जुने मराठी फॉन्ट, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर (ते उपकरण संगणकाशी जोडून चालवणारा प्रोग्रॅम) आणि साठवलेले पासवर्ड असे सारेच पुसले गेले, आणि त्या मुलीचा अर्ज अखेर शेजारच्या केंद्रातून भरून घ्यावा लागला. पुढे काही महिन्यांनी तोच त्रास पुन्हा झाला, तेव्हा मात्र फॉरमॅट न करता तो पाच मिनिटांत दूर झाला.

ब्राउझर पान पडद्यावर चितारण्याचे काम बरेचसे ग्राफिक्स चिपवर, म्हणजे चित्रे दाखवण्यासाठीच असलेल्या चिपवर सोपवतो. अपडेटबरोबर त्या चिपचा ड्रायव्हर बदलला आणि नव्या ड्रायव्हरचे ब्राउझरशी जुळले नाही, की पडदा जागच्या जागी थिजतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' या भागात ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचे बटण असते. ते बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करताच माझे काम झाले. नंतर संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घेतला आणि ते बटण पुन्हा चालू केले.

अर्थात दोष दरवेळी तिथेच असतो असे नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकावर अपडेटनंतर काही काळ पार्श्वभूमीत बरीच कामे चालू असतात, तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये (संगणकावर कशाचा किती भार आहे ते दाखवणाऱ्या खिडकीत) डिस्क शंभर टक्क्यांवर दिसत असेल तर तासभर थांबून एकदा रीस्टार्ट करणे हेच शहाणपणाचे. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे जादा प्रोग्रॅम, सहसा बंद असतात; तिथे तेच पान सुरळीत चालत असेल, तर संशय एखाद्या एक्स्टेन्शनवर घ्यावा. एवढे करूनही भागले नाही, तर अपडेट हिस्टरीत जाऊन नुकतेच आलेले अपडेट काढता येते. मात्र त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, म्हणून कंपनीचे सुधारित अपडेट आले की ते लगेच घ्यावे.

कधी कधी चूक खुद्द अपडेटमध्येच असते. 2018 साली विंडोज 10 च्या एप्रिल अपडेटनंतर क्रोम वापरताना काही संगणक गोठत असल्याचे मायक्रोसॉफ्टने स्वतः मान्य केले, तात्पुरता उपाय म्हणून विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबायला सांगितले आणि 8 मे रोजी दुरुस्ती दिली. तेवढे दिवस कळ काढली असती, तर त्या दोषासाठी कोणालाही फॉरमॅट करावे लागले नसते.

विंडोजची नेहमीची अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडच्या रात्री उशिरा येतात. त्यामुळे बुधवारी-गुरुवारी असा त्रास सुरू झाला, तर आधी अपडेटची तारीख पाहावी. दुरुस्ती करणाऱ्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे, की फॉरमॅट करण्यापूर्वी ग्राहकाला काय काय पुसले जाणार ते स्पष्ट सांगावे आणि त्याच्या फाइलींचा बॅकअप घ्यावा. आपल्या दैनिकाने दर महिन्याच्या या अपडेटच्या आठवड्यात एक छोटी चौकट देऊन कोणते अपडेट आले, त्यात कोणते दोष कंपनीने मान्य केले आणि त्यावर तात्पुरता उपाय काय, एवढे मराठीत छापले, तर आमच्यासारख्या केंद्रचालकांना ती चौकट कापून संगणकाशेजारी लावता येईल.

आपला विश्वासू,
एक केंद्रचालक