डरहॅमच्या दाराची कडी

प्रिय दिनू,

तुझं पत्र मिळालं. तिकडे बघण्यासारखं काय आहे ते लिही, पण चर्चबिर्च नको, असं तू बजावलंयस. आता काय करू सांग! इंग्लंडच्या ईशान्येला असलेल्या या डरहॅमात कुठेही उभा राहून मान वर केली की कॅथेड्रलच, म्हणजे बिशपचं मोठं चर्चच दिसतं. वीअर नदीने तीन बाजूंनी वेढलेला उंच खडक, त्याच्या एका अंगाला किल्ला आणि दुसऱ्या अंगाला हे धूड. 1093 मध्ये पाया घातला आणि 1133 पर्यंत मुख्य बांधकाम पुरं. वास्तुशास्त्राचं कौतुक इतकंच पुरे. मला सांगायचंय ते वेगळंच: या देवळाने कुणाला आत घेतलं आणि कुणाला बाहेर ठेवलं.

उत्तरेच्या दारावर काशाची एक कडी आहे. सिंहासारख्या कुठल्याशा जनावराचं तोंड, ज्वाळांसारखी पसरलेली आयाळ, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं आणि दातांत धरलेलं कडं. दारावरची प्रतिकृती आहे, बाराव्या शतकातली मूळ कडी आत जपून ठेवलीय. मध्ययुगात खून करून पळालेला माणूससुद्धा हे कडं वाजवून आत आला की 37 दिवस त्याला कुणी हात लावू शकत नसे. अंगावर काळा झगा, त्यावर पिवळा क्रूस. तेवढ्या दिवसांत त्याने ठरवायचं, खटल्याला सामोरं जायचं की देश सोडायचा.

म्हणजे खुन्याला दार उघडं. बायकांना मात्र नाही! आत शिरलं की पश्चिमेकडे फरशीत काळ्या दगडाची एक पट्टी बसवलेली दिसते. बायकांनी तिच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. कारण काय, तर इथे ज्यांची समाधी आहे त्या संत कथबर्टना म्हणे स्त्रिया चालत नसत. 1333 मध्ये तिसऱ्या एडवर्ड राजाची राणी फिलिपा इथल्या मठात नवऱ्याशेजारी झोपली, तर साधूंनी येऊन राजाला उठवलं. बिचारी रात्रीच्या कपड्यांतच किल्ल्यात पळाली. पूर्वेला मेरीमातेचं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, बांधायला घेतलं, त्या भिंतींना तडे गेले. तिथली जमीन भुसभुशीत, पण खापर फुटलं संतांच्या रागावर, आणि चॅपेल उचलून पश्चिमेच्या टोकाला नेलं. गंमत अशी की 687 मध्ये वारलेल्या या संतांची मठाधिपती स्त्रियांशी चांगली मैत्री होती, हे जुन्या चरित्रांतच लिहिलंय. त्यांची शवपेटी वागवत, व्हायकिंगांच्या धाकाने मुक्काम हलवत जी मंडळी 995 मध्ये इथे पोचली, त्यांचे वारसही बायकामुलांचे संसारी पुजारी होते. 1083 मध्ये त्यांना हाकलून ब्रह्मचारी साधू आणले गेले. मला विचारशील तर संतांचा हा स्त्रीद्वेष त्यानंतरच पिकलेला आहे. नव्या मालकांना सोयीचा होता, दुसरं काय!

1650 मध्ये तर दार बाहेरून बंद झालं. स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईत इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याने पकडलेले सुमारे 3,000 स्कॉटिश सैनिक इथे कोंडले होते. उपासमार आणि हगवण यांनी अर्ध्याहून जास्त मेले. थंडीत त्यांनी आतलं लाकूडकाम जाळलं म्हणतात, फक्त मोठं घड्याळ सोडलं, कारण त्यावर त्यांच्या देशाचं चिन्ह असलेलं काटेरी फूल कोरलेलं आहे. खरंखोटं देव जाणे. हाडं मात्र खरी. 2013 मध्ये शेजारी खोदकाम करताना सापडली, 2018 मध्ये त्यांचं रीतसर दफन झालं.

आता तुझ्या घराजवळचं सांगतो. हा सगळा मुलूख कोळशाचा. पूर्वी इथला बिशप म्हणजे छोटा राजाच, स्वतःची टांकसाळ, स्वतःची न्यायालयं. आणि पायथ्याशी काळ्या तोंडाने राबणारे खाणकामगार. 1871 पासून त्यांचा मेळावा भरतो, जुलैच्या दुसऱ्या शनिवारी. गावोगावचे बँड वाजत येतात, प्रत्येक खाणीचं रंगवलेलं रेशमी निशाण दोन काठ्यांवर ताणलेलं, वाऱ्याने उलटू नये म्हणून दोऱ्या धरून चालणारी माणसं. आषाढीच्या दिंड्याच म्हण! 1925 च्या मेळाव्यात चिडलेले कामगार कॅथेड्रलचे डीन, म्हणजे तिथले मुख्य धर्मगुरू, वेल्डन यांना नदीत टाकायला निघाले होते. राग होता संपाविरुद्ध बोलणाऱ्या बिशप हेन्सनवर, सापडले हे. वेल्डन आधी आपल्या कलकत्त्याचे बिशप होते, आणि कसेबसे वाचले.

पण याच मेळाव्यातली काही निशाणं वाजतगाजत कॅथेड्रलच्या आत जातात. खाणीत माणसं दगावली असतील तर निशाणाला काळं कापड बांधत. 1951 मध्ये ईझिंग्टनच्या स्फोटात 83 गेले, त्यातले दोघे वाचवायला उतरलेले. या जिल्ह्यातल्या खाणी 1990 च्या दशकात संपल्या, निशाणं अजून येतात. आत खाणकामगारांचं स्मारक आहे, शेजारी एक दिवा टांगलेला.

तो दिवा बघून तुझे बाबाच आठवले. बल्लारपूरच्या खाणीत मायनिंग सरदार, म्हणजे सुरक्षा बघणारे मुकादम, असताना वायू तपासायला ते जो जाळीचा दिवा न्यायचे, त्याचं मूळ इथलंच. 1812 मध्ये जवळच्या फेलिंगच्या खाणीत स्फोट होऊन 90 हून जास्त माणसं गेली, त्यानंतर शास्त्रज्ञ डेव्ही आणि इंजिनियर स्टीफन्सन असा सुरक्षित दिवा बनवायच्या मागे लागले.

तर पुढच्या जुलैत बाबांना घेऊनच ये. व्हिसाच्या कागदांना आत्तापासून लाग. लंडनहून गाडीत उजव्या हाताची खिडकी पकडा, स्टेशनाच्या आधी पुलावरून सगळं गाव दिसतं. आणि बाबांकडे तो दिवा अजून असेल तर खालच्या पितळी पट्टीवर काय कोरलंय ते वाचून कळव. बनवणाऱ्याचं नाव इथलंच निघालं तर त्यांना सांगायला मजा येईल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या