चाचांना विचारायला कुणी तरी यावं

मा. क्रीडामंत्री, मॉरिशस सरकार यांस,
सप्रेम नमस्कार.

मी वाक्वाची, शाळेत मराठी शिकवते. गेल्या महिन्यात वर्गात विचारलं, फुटबॉलमधली तुमची टीम कोणती? अर्धी मुलं लिव्हरपूल म्हणाली, अर्धी मँचेस्टर युनायटेड. ‘आणि आपली, देशाची?’ तेव्हा एकानं अगदी मनापासून विचारलं, ‘टीचर, आपण कधी मोठ्या स्पर्धेत खेळलोय?’

खेळलोय, मंत्रिमहोदय. मार्च १९७४. स्वातंत्र्याला सहा वर्षं पुरी व्हायची होती आणि आपण इजिप्तमध्ये आफ्रिका चषकाला उतरलो. सगळे मिळून आठ देश, त्यांत हे आपलं एवढंसं बेट. काँगोकडून २-० हरलो, गिनीकडून २-१, झैरेकडून (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) ४-१. त्याच झैरेनं चषक उचलला आणि त्याच वर्षी विश्वचषकही खेळला. तेव्हापासून आजवर आपण पुन्हा तिथे पोहोचलेलो नाही.

आमचे बाबा कॅडेट्स क्लबचे चाहते, शेजारचे चाचा स्काउट्स क्लबचे. हे क्लब मूळचे हिंदू कॅडेट्स आणि मुस्लिम स्काउट्स. पुढे क्लबांच्या नावांतून धर्म गेला, गॅलरीतून गेला नाही. या दोन क्लबांची मॅच असली की दोघं एकमेकांशी बोलत नसत. पण मॉरिशसची मॅच असली की एकाच बसनं क्युरपीपला जात, आणि गातो पिमांची, म्हणजे डाळीच्या तिखट भज्यांची, एकच तेलकट पुडी दोघांच्या मध्ये असे.

मग २३ मे १९९९ आला. फायर ब्रिगेड आणि स्काउट्स या क्लबांच्या सामन्यानंतर दंगल उसळली, पोर्ट लुईत लामिकाल जुगारघर पेटवलं गेलं आणि सात जीव गेले. त्यांत लेकरंही होती. दुसऱ्या दिवशी चाचा आमच्या दारात येऊन नुसते उभे राहिले. बाबांनी आतून खुर्ची आणून दिली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

सरकारनं लीग थांबवली, जातीधर्माचे क्लब मोडून गावाजिल्ह्यांचे क्लब उभे केले. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता, आजही पटतो. पण क्लबांबरोबर आठवणीही पुसल्या गेल्या आणि स्टेडियमं ओस पडली. १९८५ प्रमाणेच २००३ मध्येही हिंद महासागर क्रीडास्पर्धेत फुटबॉलचं सुवर्णपदक आपण घरच्या मैदानावर जिंकलं, तेही त्या आगीनंतर अवघ्या चार वर्षांनी. माझ्या वर्गात हे एकालाही ठाऊक नाही.

माझं मागणं नव्या स्टेडियमचं नाही. १९७४ च्या संघातले जे खेळाडू आज हयात आहेत, त्यांच्या तोंडून तो इतिहास नोंदवून घ्या. गॅलरीत बसणाऱ्यांच्या आठवणीही घ्या. २३ मे सुद्धा वगळू नका, आणि ते सगळं शाळांपर्यंत पोहोचवा. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका, माणसं थकली आहेत. बाबा गेले. चाचा अजून आहेत, आणि बोलायला तयार आहेत.

आपली,
वाक्वाची एक मराठी शिक्षिका