कुंपणाबाहेरची वारुळं कशाला फोडता?

मा. संपादक,

पावसाळा तोंडावर आला की ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या फेऱ्या सुरू होतात. घरात शिरलेल्या वाळवीचा बंदोबस्त करायलाच हवा, त्यात वाद नाही. पण आमच्याकडे यंदा कुंपणापलीकडची, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या येऊरच्या उताराला लागून असलेली वारुळंही फोडून त्यांत औषध ओतलं. का, तर 'असूदे, कशाला जोखीम?' नागपंचमीला वारुळापुढे लाह्या ठेवणारीही आम्हीच!

फुटलेल्या वारुळात स्पंजासारखे तपकिरी गोळे होते आणि त्यांवर खसखशीएवढे पांढरे दाणे. हे वाळवीचं शेत. लाकूड पचवायला अनेक वाळव्यांच्या पोटात एकपेशी जीव (प्रोटोझोआ) असतात. शेती करणाऱ्या या घराण्यात ते उरले नाहीत. ते काम टर्मिटोमायसिस नावाच्या बुरशीने उचललं. वाळवी सुकं लाकूड, पालापाचोळा खाऊन विष्ठेचे थर रचते, बुरशी त्यातला चिवट भाग मोडते आणि तयार झालेला माल पुन्हा वाळवीच्याच पोटात जातो. ही भागीदारी आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी एकदाच जुळली. त्यानंतर दोघांपैकी कुणी वेगळी चूल मांडल्याचं आढळलेलं नाही. (अमेरिकेतल्या मुंग्यांची बुरशीशेती तर याहून जुनी. माणसाची शेती जेमतेम १०-१२ हजार वर्षांची.)

खरी मेख पुढे आहे. पावसाच्या सुरुवातीला दिव्याभोवती जमणारी पंखवाली वाळवी बहुतेक जातींत बुरशी बरोबर नेत नाही. नव्या वारुळातल्या पहिल्या कामकरी वाळवीला बुरशीचं बी बाहेरून आणावं लागतं, आणि ते येतं जुन्या वारुळांवर उगवलेल्या अळंब्यांतून. आदिवासी बायका पावसाळ्यात विकायला आणतात त्या रानातल्या अळंब्यांपैकी बऱ्याच याच. हलक्या हाताने उपटली तर देठाखाली लांबच लांब मूळ निघतं, ते थेट वाळवीच्या शेतापर्यंत गेलेलं असतं. गिऱ्हाईक कळ्या मागतं, त्यामुळे उमललेल्या काही छत्र्या रानातच राहतात. पण वारूळच मारलं तर अळंबीही नाही आणि पुढच्या वारुळांना बीही नाही.

पेस्ट कंट्रोलच्या करारात 'औषध फक्त इमारतीलगत' एवढी एक ओळ घालायला सोसायट्यांना खर्च तो काय? आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीलगत असं औषध ओतलं जात असेल, तर वनखात्यानेही त्यात लक्ष घालावं.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)